खाडा

परवा गुरुवारी सकाळी अंगात कणकण होती. उशीखालचा फोन काढला, टीमच्या ग्रुपवर ‘आज बरं नाही, उद्या बघतो’ एवढं टाइप केलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून झोपलो. दुपारी उठून रजेच्या पोर्टलवर एक क्लिक केला. सिक लीव्ह शिल्लक सात. संपला विषय. डॉक्टरचं सर्टिफिकेट तीन दिवसांच्या पुढे लागतं, त्यामुळे तेही नाही. संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि रिकामा वेळ मिळाला म्हणून माळ्यावरचा खोका काढला. काकाने भाईंदरचा गाळा विकला तेव्हापासून तो आमच्याकडे पडून आहे. आईचं टुमणं चालू होतं की तो एकदाचा बघून रद्दीत दे.

खोक्यात हजेरीची मस्टरं निघाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी. प्रत्येक पानावर आठ-नऊ नावं आणि एकतीस रकाने. रकान्यांत ‘ह’ किंवा ‘खा’. ह म्हणजे हजर, खा म्हणजे खाडा.

हल्लीच्या पोरांना (म्हणजे आमच्या टीममधल्या, मी काही म्हातारा नाही) खाडा शब्द कामवाल्या मावशींपुरताच माहीत आहे. मावशींनी खाडा केला की घरोघरी भूकंप. पण मुंबईच्या गिरण्यांत या शब्दाला वेगळीच धार होती. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे पगारात कपात. तुम्ही तापाने फणफणत होतात की जत्रेला गेला होतात, मस्टरला फरक पडत नसे. तिथे एकच अक्षर.

एवढ्यावर भागत नसे. काही गिरण्यांत ‘डबल खाडा’ नावाचा प्रकार होता. एक दिवस आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचा. एक दिवस काम केलं नाही म्हणून, आणि दुसरा दिवस, काय म्हणू, अद्दल म्हणून. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. पण १९२०च्या दशकात सरकारच्या लेबर ऑफिसने गिरण्यांतल्या पगारकपातीची चौकशी केली तेव्हा ही पद्धत रीतसर नोंदवली गेली. ती बंद व्हायला १९३६चा वेतन अदायगी कायदा यावा लागला. त्याने सांगितलं की गैरहजेरीबद्दल जेवढा वेळ बुडला तेवढ्याच प्रमाणात पैसे कापता येतील, जास्त नाही. म्हणजे डबल खाडा बेकायदा झाला. साधा खाडा कायदेशीर राहिला, मग माणूस आजारी का असेना.

थोडं मागे जातो. मुंबईत कामगारांच्या बाजूने पहिली संघटित मागणी झाली ती १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. माणूस जन्माने ठाण्याचा, जोतीराव फुल्यांचा सहकारी, ‘दीनबंधु’चा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. आणि एक मागणी अशी, की कामावर गंभीर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय करा.

ही शेवटची मागणी मी दोन-तीनदा वाचली. त्यात इजा आहे, आजार नाही. यंत्रात हात गेला तर मालकाला जबाबदार धरता येतं, निदान तसं म्हणता तरी येतं. ताप कोणाच्या यंत्रातून आला? १८८४ साली आजारपणाचा पगार मागणं इतकं अशक्य वाटत असावं की ते यादीतच आलं नाही. (हा माझा तर्क. चुकत असेन तर जाणकारांनी कान पकडावा.) रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० पासून. इजेच्या भरपाईचा कायदा आला १९२३ साली, एकोणचाळीस वर्षांनी.

आणि मग प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई अक्षरशः ओस पडत गेली. लोक मिळेल त्या आगगाडीने आणि बोटीने कोकणात, घाटावर पळाले. गिरण्यांना माणसं मिळेनात. आता गंमत बघा. एरवी गिरण्या पगार महिन्याने देत आणि तोही काही आठवडे मागे ठेवून, म्हणजे कामगाराची मान कायम अडकलेली. त्याच गिरण्यांनी १८९७च्या सुरुवातीला रोजच्या रोज रोख पगार द्यायला सुरुवात केली आणि एकमेकांची माणसं पळवू लागल्या. जी गोष्ट होणे नाही म्हणत होते ती तीन महिन्यांत झाली. प्लेगचा जोर ओसरल्यावर मागचे पाढे पंचावन्न.

लोखंडे त्याच साथीत गेले. ९ फेब्रुवारी १८९७.

बरं, मग गिरण्या आजारपणाचं करायच्या काय? हजारो माणसं, दाटीवाटीच्या चाळी, मलेरिया, हगवण, क्षय. रोज कोणी ना कोणी आजारी असणारच. त्यावर त्यांचं उत्तर होतं बदली. सकाळी भोंग्याच्या वेळी गेटवर माणसांचा घोळका उभा असे. आत किती माणसं कमी आहेत हे बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यातले तेवढे उचलायचा. बाकीचे घरी. कोणाला उचलायचं ते जॉबरच्या मर्जीवर, आणि मर्जीला दस्तुरी लागायची. आजारी पडून गावी गेलेला माणूस दोन महिन्यांनी परत आला की त्याचा साचा दुसऱ्याकडे गेलेला असायचा. मग हा पुन्हा गेटवर, घोळक्यात. १९३५ साली मालक संघाने बदली कंट्रोलची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, जागा रिकामी झाली की आधी त्यांना घ्यायचं. जॉबरचा हात थोडा आखडला. पण काम मिळालं नाही त्या दिवशी बदलीवाल्याच्या हाती काही नाही, आणि आजारी पडलेल्याच्याही हाती काही नाही.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, सांभाळून घ्या. समजा, कुठलाही माणूस कुठल्याही दिवशी गैरहजर असण्याची शक्यता चार टक्के आहे. (आकडा सोयीसाठी धरलाय.) दोन हजार माणसांच्या गिरणीत रोज सरासरी ऐंशी जण नसणार, आणि गणित केलं तर हा आकडा जवळजवळ नेहमी साठ ते शंभरच्या आत राहतो. म्हणजे गिरणीला नेमकं कळतं की गेटवर किती माणसं उभी ठेवायची. आमच्या भाषेत ठरावीक टक्के बफर. आता तेच गणित आठ माणसांच्या गाळ्याला लावा. चार दिवसांतले जवळपास तीन दिवस सगळे हजर. साधारण चौथ्या दिवशी कोणीतरी नाही. आणि महिन्यातून एखादा दिवस असा, की दोन किंवा जास्त जण एकदम नाहीत, म्हणजे पाव फौज गारद. बफर म्हणून एक माणूस ठेवावा तर तो बहुतेक दिवस बसून राहणार आणि पगाराचा बोजा साडेबारा टक्क्यांनी वाढणार. ठेवू नये तर ऑर्डर अडकणार. मोठ्या कारखान्याला आजारपण म्हणजे सरासरी. छोट्याला ते दर वेळी अपघातासारखं येतं.

काकाचा गाळा असाच होता. भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा. मीरा-भाईंदर आज मुंबईचंच एक उपनगर वाटतं, पण १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती जोडून नगरपालिका झाली तेव्हा तिथे मिठागरं, शेती आणि उत्तनकडे मासेमारी होती. महानगरपालिका तर २००२ साली झाली. मधल्या काळात पूर्वेला गाळ्यांच्या रांगा उठल्या. पत्रा कापणारे, प्रेसवाले, पॉलिशवाले. दहा पावलांवर एक कारखाना आणि प्रत्येकात पाच, सात, नऊ माणसं.

नऊच का? त्यासाठी पुन्हा इतिहासात जावं लागेल.

आजारपणाचा विमा ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली केला, ब्रिटनने १९११ साली. १९२७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर करार केला, आपण त्यावर सही केली नाही. १९२९ साली व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. सदस्यांत आपले ना. म. जोशी होते. कमिशनने १९३१च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा विचार करा असं सांगितलं. पुढे दहा वर्षं कोणी पैसे द्यायचे यावर सरकार, प्रांत आणि मालक यांची टोलवाटोलवी. शेवटी मार्च १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. ब्रिटनमध्ये नुकताच बेव्हरिज अहवाल गाजला होता, त्यावरून अडारकरांना ‘छोटे बेव्हरिज’ म्हटलं जाऊ लागलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला, त्यावरून कायदा झाला एप्रिल १९४८ मध्ये: कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपला ईएसआय. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला नेहरूंच्या हस्ते सुरुवात झाली, मुंबईत तो आला १९५४ साली.

मला या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पैशाची वाटत नाही. पैसे होतेच, मालकाचे थोडे, कामगाराचे थोडे. पहिल्यांदा साधारण निम्मा पगार आणि वर्षात जास्तीत जास्त ५६ दिवस, पुढे वाढत वाढत ७० टक्के आणि ९१ दिवस. मोठी गोष्ट ही, की तू आजारी आहेस की नाहीस हे आता जॉबर ठरवणार नव्हता, डॉक्टर ठरवणार होता. मुंबईत त्यासाठी खाजगी डॉक्टरांचं पॅनल केलं होतं. गल्लीतल्या दवाखान्यात जायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, ते ऑफिसात द्यायचं. आणि हा लाभ घेत असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही असंही कायद्यात लिहिलं. गेटवरच्या घोळक्यात परत जाऊन उभं राहायची भीती कागदावर तरी संपली.

पण दोन भोकं राहिली. एक, पहिले दोन दिवस. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे नाहीत, तिसऱ्यापासून पुढे. (पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर गोष्ट वेगळी.) कारण उघड आहे: डोकेदुखीच्या प्रत्येक दिवसाची फाइल कोण करणार आणि खोटी आजारपणं कोण शोधणार. जर्मनीत, ब्रिटनमध्येही असे सुरुवातीचे कोरडे दिवस होतेच. पण ज्याच्या घरात रोजच्या पगारावर रोजचं पीठ येतं तो त्या दोन दिवसांत काय करतो? ताप अंगात घेऊन कामावर येतो. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा ब्रिटनने आजारपणाच्या पगारातले सुरुवातीचे तीन कोरडे दिवस तडकाफडकी स्थगित केले, कारण नेमक्या त्याच दिवसांत माणूस शेजाऱ्याला रोग देतो.

दुसरं भोक आकड्याचं. १९४८चा ईएसआय विजेवर चालणाऱ्या, वीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांना होता. १९८९ मध्ये वीसचे दहा झाले. फॅक्टरी कायद्यात विजेवरच्या कारखान्याला दहाची अट आधीपासून होतीच. म्हणून नऊ. दहावा माणूस लागलाच तर शेजारचा गाळा बायकोच्या नावावर घ्यायचा, बोर्ड वेगळा लावायचा, मधली भिंत मात्र अर्धीच. असे मी भाईंदरला डोळ्यांनी पाहिलेत. कायदा करणाऱ्यांचंही पूर्ण चुकलं असं नाही म्हणवत. नऊ माणसांच्या मालकाकडे कारकून नसतो, तोच मालक, तोच टेम्पो बोलावणारा आणि तोच मस्टर भरणारा. पण आजारपण सगळ्यात जास्त अडवतं ते त्यालाच आणि त्याच्या माणसांनाच, आणि विमा नेमका तिथेच थांबला. १९४८च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यातही दहाच आहेत. दहापेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास स्वखुशीने येता येतं. आमच्या ओळखीत असं कोणी राजी झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आता मस्टरांकडे येतो. काकाच्या मस्टरात एक गोष्ट विचित्र आहे. ‘ह’ शाईने आणि ‘खा’ पेन्सिलीने. महिनाअखेरीस काही ‘खा’ शाईने गिरवलेले, काही खोडून त्यांच्या जागी ‘ह’. म्हणजे काका महिनाभर थांबायचा आणि पगाराच्या आदल्या रात्री ठरवायचा. कोणाची बायको बाळंत झाली, कोण खरंच आजारी होता, कोण नुसताच झोपला. मग अर्धा उचल म्हणून, अर्धा हजर म्हणून. जॉबर, पॅनल डॉक्टर आणि विमा कंपनी, सगळं एकाच पेन्सिलीत.

२००४च्या उन्हाळ्यात मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत गाळ्यावर जायचो. हे मस्टर बघून माझ्या जिवाची लाही झाली. मी काकाला एक्सेल शीट करून दिलं. हजर एक, खाडा शून्य, खाली बेरीज, बाजूला उचल वजा, शेवटी देणे. काकाने कौतुक केलं, शेजारच्या दोन गाळेवाल्यांना बोलावून दाखवलं. त्या महिन्यात पॉलिशवाल्यांपैकी एक जण, सुलतानपूरकडचा, टायफॉइडने अकरा दिवस पडला. शीटने अकरा दिवस कापले. उचल वजा जाता हातात आले ते खोलीभाडं आणि खानावळ देऊनही उरले नसते इतकेच. काका घरी हिशोब बघत बराच वेळ बसला होता.

“यात पेन्सिल कुठेय?” त्याने विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “काका, हे बरोबर आहे. फॉर्म्युला आहे.”

“बरोबर आहे रे. म्हणूनच विचारतोय.”

पण त्याने तेवढेच पैसे दिले. का, ते मला आजही नक्की माहीत नाही. पुतण्याचं मन मोडू नये म्हणून असेल. की त्या महिन्यात ऑर्डर चुकली होती आणि शीट आयतं सापडलं म्हणून? पेन्सिल हातात असताना नाही म्हणायला तोंड लागतं. शीट असलं की तेच नाही म्हणतं. तो पॉलिशवाला बाराव्या दिवशी कामावर आला. मशीनसमोर उभं राहवत नव्हतं, म्हणून काकाने त्याला पॅकिंगला बसवलं. तो भांडी कागदात गुंडाळत होता आणि मी शेजारच्या टेबलावर पुढच्या महिन्याचं शीट बनवत होतो. आम्ही काही बोललो नाही.

काकाच्या पेन्सिलीचं मी उगाच गुणगान करत नाहीये. मस्टरं पुन्हा पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की काही नावांचे ‘खा’ जवळजवळ नेहमी खोडले गेलेत आणि काहींचे जवळजवळ नेहमी गिरवले गेलेत. ज्यांचे गिरवले गेले ते सगळे खोटारडे होते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्याला मागता येतं त्याला मिळतं, एवढंच त्यात दिसतं. नवीन आलेला, गावचं माणूस सोबत नसलेला, गप्प राहणारा, त्याच्या रकान्यात शाई.

काका आता ऐंशीच्या घरात आहे. खोका उघडल्याचं कळवायला मी त्याला फोन केला. त्याला पेन्सिलीचं काही वाटलं नाही, म्हणाला शाई महाग होती. (थापा.) मग त्यानेच त्या सुलतानपूरवाल्याचा विषय काढला. तो अधूनमधून काकाला फोन करतो म्हणे, दिवाळीला तर नक्कीच. गाळा विकल्यावर तो वसईच्या एका मोठ्या कारखान्यात लागला, तिथे ईएसआयचं कार्ड मिळालं. मध्ये डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस घरी होता आणि पैसे थेट खात्यात आले, याचं त्याला फार अप्रूप.

“सगळे आले?” मी विचारलं.

काका म्हणाला, “मीही हेच विचारलं त्याला. तर हसून म्हणतो, शेठ, पहले दो दिन का नहीं मिलता.”